जगातल्या सगळ्यात डेंजर सर्किटवर १४ वेळा जिंकलेला माइक हेलवूड, घराजवळच्या साध्या रस्त्यावर गेला

३ जून १९७८.

इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधोमध समुद्रात एक छोटं बेट आहे, आयल ऑफ मॅन. तिथल्या डग्लस गावात मोटरसायकल रेस सुरू व्हायची होती. रस्त्याच्या कडेला, घरांच्या कंपाउंडवर, चर्चच्या भिंतीवर, जागा मिळेल तिथं लोक बसले होते. आणि त्यातले बहुतेक जण एकाच माणसाला बघायला आले होते.

माणूस ३८ वर्षांचा. डोक्यावरचे केस विरळ झालेले. चार वर्षांपूर्वी झालेल्या ॲक्सिडेंटमुळे उजवा पाय धड वळत नव्हता, चालताना गडी लंगडायचा. या बेटावरची त्याची शेवटची रेस ११ वर्षांपूर्वी झाली होती. आणि खाली बाइक कुठली? तर मँचेस्टरच्या एका छोट्या टीमनं उतरवलेली डुकाटी. समोर होंडा, तीही थेट कंपनीची टीम, आणि त्या होंडावर बसलेला जुना वैरी फिल रीड. रीडनं आदल्या वर्षी हीच रेस मारली होती.

सरळ हिशोब लावला तर हा माणूस हरायलाच आला होता. जुन्या चाहत्यांना एकदा डोळे भरून बघू द्यायचं, हात हलवायचा आणि घरी जायचं. बऱ्याच जणांना तर जिंकण्याची सोडा, तो धडधाकट परत येईल का याचीच काळजी होती.

काळजी का होती, ते कळायला आधी ते सर्किट समजून घ्यावं लागेल.

तर विषय असा की, १९०३ साली ब्रिटनमध्ये गाड्यांसाठी ताशी २० मैलांची, म्हणजे साधारण ३२ किलोमीटरची स्पीड लिमिट लागली. शिवाय सार्वजनिक रस्त्यावर रेस घ्यायला परवानगी नव्हती. आता गाड्या बनवणाऱ्यांनी त्या पळवून बघायच्या कुठं?

आयल ऑफ मॅन ब्रिटिश राजाच्या छत्राखाली असलं, तरी त्याची स्वतःची संसद आहे, टिनवाल्ड. कायदे स्वतःचे. ऑटोमोबाइल क्लबचा सेक्रेटरी ज्युलियन ऑर्ड बेटावर पोहोचला. तिथला गव्हर्नर लॉर्ड रॅगलन हा त्याचा नातेवाईकच निघाला. आपल्याकडं काय आणि तिकडं काय, ओळख असली की कामं पटापट होतात. १९०४ मध्ये टिनवाल्डनं रेससाठी रस्ते बंद करायला परवानगी देणारा कायदा केला. आधी तिथं मोटारी पळाल्या आणि २८ मे १९०७ ला पहिली मोटरसायकल टीटी, म्हणजे टुरिस्ट ट्रॉफी झाली. जिंकणाऱ्या चार्ली कॉलियरचा ॲव्हरेज स्पीड होता ताशी ३८ मैल, म्हणजे ६१ किलोमीटरच्या आसपास. आज आपल्याकडं रिंग रोडवर स्कूटीवाले काका त्यांना ओव्हरटेक करतील.

१९११ मध्ये ही रेस मोठ्या रस्त्यावर नेली आणि तिथून खरा खेळ सुरू झाला. या सर्किटला माउंटन कोर्स म्हणतात. एक लॅप ६०.७ किलोमीटरची. म्हणजे पुण्याहून निघून जवळपास लोणावळ्याला पोहोचाल एवढी, आणि ही फक्त एक चक्कर. मोठ्या रेसमध्ये अशा सहा चकरा. वळणं दोनशेच्या वर.

आणि हा काही खास रेससाठी बांधलेला ट्रॅक नाही. हा लोकांचा रोजचा रस्ता आहे. वर्षभर त्यावरून दूधवाले, पोस्टमन, शाळेच्या बस जातात. रेसच्या दिवसांत तो काही तासांसाठी बंद होतो. डग्लसमधून निघालं की ब्रे हिलचा उतार लागतो, तिथं दोन्ही बाजूंना घरं. पुढं दगडी भिंती, विजेचे खांब, फुटपाथ. बॅलॉ ब्रिजवर बाइक हवेत उडते, कारण पूलच उंचवट्याचा आहे. रॅमसी गाव ओलांडलं की रस्ता डोंगर चढायला लागतो, तिथं धुकं कधी येईल ते सांगता येत नाही. एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला पाऊस, असंही होतं.

इथं रायडर एकत्र सुटत नाहीत. थोड्या थोड्या सेकंदांच्या अंतरानं सुटतात आणि लढाई घड्याळाशी असते. पुढचा माणूस दिसतोच असं नाही. आपण कितव्या नंबरवर आहोत, हे कळायलाही पिटमधल्या बोर्डावर अवलंबून राहावं लागतं.

माउंटन कोर्सवरची पहिली रेस व्हायच्या आधीच, १९११ च्या सरावात व्हिक्टर सरिज नावाचा रायडर गेला. तेव्हापासून आजवर या रस्त्यानं अडीचशेपेक्षा जास्त रायडर गिळलेत. अशा रस्त्यावर ११ वर्षांनी परत येणारा तो लंगडा माणूस म्हणजे माइक हेलवूड.

२ एप्रिल १९४० ला इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरमध्ये त्याचा जन्म झाला. गरिबीतून वर आलेल्या पोराची स्टोरी ऐकायची असेल, तर ही ती नाही. वडील स्टॅन हेलवूड मोटरसायकलचे मोठे डीलर, बक्कळ पैसेवाले. पोराला शिस्त लागावी म्हणून नॉटिकल कॉलेजात घातला, तिथून तो लवकरच बाहेर पडला. मग थोडे दिवस वडिलांच्या धंद्यात, थोडे दिवस ट्रायम्फच्या कारखान्यात. एप्रिल १९५७ मध्ये, १७ वर्षांचा झाल्या झाल्या, ओल्टन पार्कला त्यानं पहिली रेस मारली. म्हणजे पळवली, जिंकली नाही.

मग वडिलांनी पोरासाठी अख्खी टीम उभी केली. चांगल्यात चांगल्या बाइक, चांगले मेकॅनिक, वाहतूक, सगळं दिमतीला. बाकीचे रायडर व्हॅनमध्ये झोपायचे, स्वतःच्या इंजिनात हात काळे करायचे. साहजिकच, बापाच्या पैशावर उडणारं पोरगं म्हणून लोकांनी नाकं मुरडली.

पण पैशानं बाइक विकत घेता येते, त्या रस्त्यावरची वळणं पाठ करून मिळत नाहीत. १९५८ मध्ये १८ वर्षांचा हेलवूड पहिल्यांदा टीटीला आला आणि एकाच आठवड्यात चार वेगवेगळ्या क्लासमध्ये उतरला. चारही रेस पूर्ण केल्या, एकीत थेट तिसरा आला. माउंटन कोर्सवर पहिल्या वर्षी शहाणा माणूस फक्त रस्ता शिकतो. हा पोडियमवर उभा होता. नाकं मुरडणाऱ्यांची संख्या तिथून कमी होत गेली.

१९६१ मध्ये तर कहर झाला. आपल्या घरोघरी जिची ॲक्टिव्हा आहे, त्या होंडाला तेव्हा युरोपात फारसं कुणी विचारत नव्हतं. सोइचिरो होंडानं १९५४ मध्येच जाहीर केलं होतं की आपण टीटी जिंकणार. १९५९ मध्ये त्यांची टीम पहिल्यांदा बेटावर आली. आणि १९६१ मध्ये होंडाला टीटीतला पहिला विजय मिळवून दिला तो २१ वर्षांच्या हेलवूडनं, १२५ सीसीत. त्याच दिवशी २५० सीसीचीही रेस त्यानंच मारली. त्याच आठवड्यात नॉर्टनवर बसून ५०० सीसीची सीनियर टीटी जिंकली. एका आठवड्यात तीन! चौथीही झालीच होती. ३५० सीसीत तो पुढं होता आणि शेवटच्या लॅपमध्ये इंजिननं मान टाकली.

त्या वर्षी तो २५० सीसीचा वर्ल्ड चॅम्पियन झाला. मग इटलीच्या एमव्ही ऑगस्टानं त्याला उचललं आणि १९६२ ते १९६५ अशी सलग चार वर्षं ५०० सीसीचं वर्ल्ड टायटल त्याच्याकडं राहिलं. लोक त्याला माइक द बाइक म्हणायला लागले.

या काळातला एक दिवस सांगायलाच पाहिजे. १९६५ ची सीनियर टीटी, पाऊस पडत होता. त्याच्याच टीममधला नवा इटालियन पोरगा जाकोमो अगोस्तिनी सेराज कॉटेज नावाच्या वळणावर घसरून पडला. पुढच्या लॅपला नेमक्या त्याच ठिकाणी हेलवूडही आडवा झाला. वाइजर फुटला, हँडल वाकडं झालं, नाकातून रक्त. कुणीही रेस सोडली असती. यानं बाइक उभी केली, लाथा घालून हँडल सरळ केलं, उतारावर ढकलून स्टार्ट मारली आणि पुन्हा निघाला. आणि रेस जिंकून आला. आता हे धाडस म्हणायचं की वेडेपणा, ते तुम्ही ठरवा. मला विचाराल तर दोन्ही.

मशीनमधलं त्याला फार कळायचं नाही, हे त्याच्या दोस्तांनीच सांगितलेलं आहे. बाइक वळणावर डुलते एवढं तो सांगायचा, का डुलते हे इंजिनिअरनं शोधायचं. होंडाच्या नव्या बाइकची टेस्ट घेताना वैतागून त्यानं तिचे शॉक ॲब्सॉर्बर काढायला लावले आणि तळ्यात फेकून दिले, असा एक किस्सा रेसिंगच्या जगात आजही रंगवून सांगतात. बाकी माणूस मस्तमौला. जॅझचा नाद, पार्ट्यांचा नाद, आणि स्वतःबद्दल बोलायचा कंटाळा.

१९६६ ला तो परत होंडाकडं आला. १९६७ ची सीनियर टीटी ही या सर्किटवरची आजवरची सगळ्यात भारी रेस होती, असं मानणारे पुष्कळ लोक आहेत. एकीकडं एमव्हीवर अगोस्तिनी, दुसरीकडं होंडाच्या ५०० सीसीवर हेलवूड. होंडाचं इंजिन राक्षसी ताकदीचं, पण सांगाडा ती ताकद पेलत नव्हता. त्यात हेलवूडच्या बाइकची ॲक्सिलरेटरची मूठच ढिली झाली. पिटमध्ये हातोड्यानं ठोकून तो पुन्हा निघाला. एका हातानं मूठ जागेवर दाबून धरायची आणि ताशी दोनशेच्या वर वेगात ती डुलणारी बाइक भिंतींच्या मधून न्यायची. ताशी १०८.७७ मैल, म्हणजे १७५ किलोमीटरच्या ॲव्हरेजनं त्यानं लॅप काढली. पाचव्या लॅपमध्ये अगोस्तिनीची चेन तुटली आणि हेलवूड जिंकला. तो लॅप रेकॉर्ड आठ वर्षं टिकला. टीटीतला तो त्याचा १२ वा विजय होता.

आणि मग सगळं थांबलं. १९६८ च्या सीझनआधी होंडानं रेसिंगमधून अंग काढून घेतलं. पण हेलवूड दुसऱ्या कंपनीकडं गेला तर आपलंच नाक कापणार, म्हणून त्याला न पळण्याचे ५० हजार पाउंड दिले. घरी बसायचे पैसे! नऊ वर्ल्ड टायटल नावावर असलेला माणूस २८ व्या वर्षी बाइकवरून उतरला आणि कारकडं वळला.

फॉर्म्युला वनमध्ये त्याला एकही ग्रँड प्रिक्स जिंकता आली नाही. पण १९७३ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या क्यालामी ट्रॅकवर त्याची गाडी क्ले रेगाझोनीच्या गाडीला धडकली आणि रेगाझोनीची गाडी पेटली. आत तो बेशुद्ध. हेलवूड स्वतःच्या गाडीतून उतरून आगीत शिरला आणि त्याचा बेल्ट सोडवायला लागला. हेलवूडच्या कपड्यांनी पेट घेतला. बाहेर येऊन आग विझवली आणि हा माणूस परत आत गेला. रेगाझोनी वाचला, पुढं अनेक वर्षं रेस पळवत राहिला. ब्रिटननं हेलवूडला शौर्यासाठीचं जॉर्ज मेडल दिलं. नऊ वर्ल्ड टायटलपेक्षा हे मेडल वजनदार आहे, असं माझं मत.

पुढच्याच वर्षी जर्मनीच्या न्युर्बुर्गरिंगवर मॅक्लारेन ठोकली, पाय मोडला आणि कारचं करिअर संपलं. तो न्यूझीलंडला राहायला गेला.

इकडं त्याच्या आवडत्या बेटाचीही हालत खराब होत होती. १९७२ मध्ये भर पावसात झालेल्या १२५ सीसीच्या रेसमध्ये इटलीचा जिल्बेर्तो पार्लोती गेला. अगोस्तिनीचा तो मित्र. अगोस्तिनीनं त्या दिवशीची सीनियर टीटी जिंकली आणि त्यानंतर तो इथं कधीच उतरला नाही. बाकीचे मोठे रायडरही मागं फिरले. त्यांचं म्हणणं साधं होतं, वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या पॉइंट्ससाठी आम्हाला या भिंतींमधून जायला भाग पाडू नका. टीटीवर उघड टीका करणाऱ्यांत फिल रीडही होता. शेवटी १९७६ नंतर टीटीचा वर्ल्ड चॅम्पियनशिपचा दर्जा गेला आणि ब्रिटनची ग्रँड प्रिक्स सिल्व्हरस्टोनला हलली. सांत्वन म्हणून टीटीला फॉर्म्युला वन नावाचं एक नवं टायटल देण्यात आलं. रीड १९७७ मध्ये परत आला आणि ते घेऊन गेला. टीटीच्या चाहत्यांना ते चांगलंच झोंबलं होतं.

म्हणून १९७८ ची ती रेस नुसती एका रिटायर्ड चॅम्पियनची हौस नव्हती. मोठी नावं निघून गेली, तर या बेटावर रेस बघायला कोण येणार, हा प्रश्न होता. अशा वेळी नऊ वेळचा वर्ल्ड चॅम्पियन परत येतोय म्हटल्यावर बेटाकडं जाणाऱ्या बोटी भरून गेल्या.

स्टीव्ह विन नावाच्या मँचेस्टरच्या डीलरनं त्याला डुकाटी दिली. रेसच्या दिवशी रीड त्याच्या ५० सेकंद आधी सुटला. हेलवूडनं पहिल्या लॅपपासूनच ते अंतर खायला सुरुवात केली. रेडिओवर कॉमेंट्री ऐकणाऱ्या लोकांना विश्वास बसेना. बघता बघता त्यानं रीडला रस्त्यावर गाठलं. दोघं एकामागोमाग पळायला लागले, म्हणजे घड्याळात हेलवूड अख्ख्या ५० सेकंदांनी पुढं होता. शेवटी रीडची होंडा तेल गाळायला लागली आणि पाचव्या लॅपमध्ये थांबली.

हेलवूड सहा लॅप पूर्ण करून पहिला आला. ॲव्हरेज ताशी १०८ मैलांच्या वर, म्हणजे ११ वर्षांपूर्वी तरुणपणी एका लॅपसाठी जो रेकॉर्ड केला होता, जवळपास त्या वेगानं त्यानं आता अख्खी रेस काढली होती. आणि गंमत म्हणजे त्या वर्षी फॉर्म्युला वनचं टायटल या एकाच रेसवर ठरायचं होतं. त्यामुळं एका दुपारी तो दहाव्यांदा वर्ल्ड चॅम्पियन झाला. रस्त्याकडेला उभी असलेली म्हातारी माणसं रडली, असं सांगतात, आणि ते खोटं वाटत नाही.

त्याच आठवड्यात यामाहावर उतरलेल्या बाकीच्या रेसमध्ये मात्र त्याच्या हाती काही लागलं नाही. पण ते कुणाच्या लक्षात नाही. डुकाटीनं त्या लाल-हिरव्या बाइकच्या रेप्लिका काढून विकल्या आणि त्या जुन्या रेप्लिकांसाठी आज शौकीन लोक वाट्टेल ती किंमत मोजतात.

१९७९ ला तो पुन्हा आला. सुझुकीवर सीनियर टीटी जिंकला, हा १४ वा विजय. त्यानंतरची क्लासिक टीटी अलेक्स जॉर्जकडून ३.४ सेकंदांनी हरला. सहा लॅप, ३६० किलोमीटरच्या वर अंतर, आणि फरक साडेतीन सेकंदांचाही नाही. तिथं त्यानं टीटीला रामराम केला. बर्मिंगहॅममध्ये रॉड गूल्ड या जुन्या रायडरसोबत मोटरसायकलचं दुकान काढलं आणि टॅनवर्थ-इन-आर्डन या गावात बायको-पोरांसोबत राहायला लागला. ज्या रस्त्यावरून इतके जण परतले नाहीत, तिथून तो परतला होता.

२१ मार्च १९८१, शनिवारची संध्याकाळ. घरी फिश अँड चिप्स खायचा बेत होता. आपण वडापाव आणायला जातो तसा तो पार्सल आणायला निघाला. रोव्हर कारमध्ये नऊ वर्षांची मुलगी मिशेल आणि धाकटा मुलगा. वॉरविकशायरमधल्या पोर्टवेजवळ दुपदरी रस्त्यावर एका ट्रकवाल्यानं, जिथून वळायला परवानगी नव्हती त्या डिव्हायडरच्या गॅपमधून ट्रक वळवला. ट्रक आडवा आला आणि रोव्हर त्यावर आदळली. मिशेल जागीच गेली. मुलगा वाचला. हेलवूड दोन दिवस हॉस्पिटलमध्ये झुंजला आणि २३ मार्चला गेला. दहा दिवसांनी त्याचा ४१ वा वाढदिवस होता.

ट्रकवाल्याला १०० पाउंड दंड झाला.

टीटी अजून चालू आहे. लॅपचा रेकॉर्ड आता ताशी १३६ मैलांच्या, म्हणजे २१९ किलोमीटरच्या वर गेलाय. माणसंही अजून जातात. २०२२ च्या एका टीटीत सहा स्पर्धक गेले. अगोस्तिनी बरोबर होता असं म्हणणारे आहेत, आणि ज्याला जायचंय त्याला जाऊ द्या म्हणणारेही आहेत. आता निदान पॉइंट्ससाठी कुणावर जबरदस्ती नसते, येणारा स्वतःच्या मर्जीनं येतो. अगोस्तिनीनं मागितलं होतं ते एवढंच.

रॅमसी सोडून डोंगर चढत गेलं की सर्किटचा सगळ्यात उंच भाग लागतो. तिथल्या चढाला हेलवूड्स राइज आणि माथ्याला हेलवूड्स हाइट असं नाव दिलंय. तिथून पुढं रस्ता उताराला लागतो आणि रायडर खाली डग्लसच्या दिशेनं सुटतात.